दोन काटे जुळले

उसाच्या मुलखात गुळाची एक पेठ होती, आणि त्या पेठेत गुरुपादशेठ नावाचे एक अडते होते. अडते म्हणजे शेतकऱ्याचा गूळ आपल्या दुकानी उतरवून घेणारे, त्याचं वजन करणारे आणि सौदा लावून देणारे. माणूस सरळ. वजनात त्यांनी कधी चिमूटभर इकडचं तिकडं केलं नाही. सकाळी दुकान उघडलं की आधी काट्याला हात लावायचा आणि तो हात कपाळाला लावायचा, मगच गादीवर बसायचं. काटा म्हणजे तराजू. पेठेत तराजूला कुणी तराजू म्हणत नाही, काटाच म्हणतात.

त्या पेठेचा एक जुना रिवाज होता. गुळाच्या ढेपेच्या वजनावरून तंटा झाला, की तीच ढेप उचलून शेजारच्या दुकानातल्या काट्यावर ठेवायची. तिथंही तेवढीच भरली, की भांडण खलास. मग पुढं कुणी चकार शब्द काढायचा नाही. "दोन काटे जुळले, वाद मिटला," असं म्हणायचं आणि चहा मागवायचा. शेठ याच रिवाजात लहानाचे मोठे झाले होते. त्यांच्या लेखी न्याय म्हणजे दोन काटे, दुसरं काही नाही.

शेठना नाद म्हणाल तर एकच. वडिलांच्या वेळची एक विलायती मोटार त्यांच्याकडं होती. हिरवीगार, लांब नाकाची, चालली की वळून बघावं अशी. तिचा ड्रायव्हर केरबा. तोही वडिलांच्या वेळचाच. गाडीच्या डॅशबोर्डावर गोल काचांमागं काटे होते. एक पेट्रोल किती ते सांगणारा, एक इंजिनाचं पाणी किती तापलं ते सांगणारा. दोन्ही कधीचे मरून पडलेले. पण केरबाचं त्यावाचून काही अडत नव्हतं. इंजिन तापलं की त्याला वासानं कळायचं. पेट्रोलसाठी डिकीत वेळूची एक काठी असायची, तिच्यावर चाकूनं खाचा पाडलेल्या. टाकीचं झाकण काढायचं, काठी बुडवायची आणि कुठल्या खाचेपर्यंत भिजली ते बघायचं. टाकी जुनी, वरच्या सांध्यातून पाझरायची. म्हणून अर्ध्याच्या वर भरायची नाही, असा शेठचा हुकूम होता. केरबा मधल्या खाचेपर्यंत भरायचा आणि हात पुसायचा.

एका उन्हाळ्यात पेठ थंडावली तशी शेठच्या डोक्यात आलं, हे काटे जिवंत करायचेच. झालं, बसले मांडी घालून. डॅशबोर्ड उतरवला. काचा काढल्या. आता आत काय असेल, असं म्हणत एक मीटर खोललं, तर आत ना चक्र ना स्प्रिंग. केसासारखी बारीक तार गुंडाळलेली एक पातळ पट्टी, बस. वीज आली की तार तापते, पट्टी वाकते आणि काटा सरकतो. एवढ्याशा वाकण्यावर माणूस अख्ख्या टाकीचा अंदाज घेतो, याचंच शेठना अप्रूप. जेवायला हाक मारली तरी उठेनात. जळालेली तार त्यांनी नवी गुंडाळली. तबकड्यांवरचे पुसट आकडे बारीक कुंचल्यानं पुन्हा काढले. डॅशबोर्डाचा गंजका पत्रा घासला आणि त्याला पुढून मागून काळा रंग दिला. वाळला की पुन्हा दिला, तो वाळला की आणखी एक हात. शेवटी त्यात तोंड दिसायला लागलं.

पत्र्याच्या मागच्या अंगाला, आगपेटीएवढी एक डबी स्क्रूनं बसवलेली होती. ही कशाला असेल, असं शेठच्या मनात आलं खरं. पण रंगाची घाई होती. डबी काढली, रंग दिला, वाळल्यावर डबी जागच्या जागी बसवली. तिला ध्यानात ठेवा, तिच्याशी आपलं काम आहे.

किल्ली फिरवली आणि दोन्ही काटे हळूहळू उठले. मेलेलं माणूस उठून बसावं तसा आनंद झाला शेठना. त्यांनी निम्म्या पेठेला बोलावून ते काटे दाखवले. केरबालाही दाखवले, आणि म्हणाले की आता ती काठी फेकून दे, टाकीत कचरा जातो. काटा अर्ध्यावर आला की भरणं थांबवायचं. केरबानं मान डोलावली. काठी मात्र फेकली नाही, गाडीच्या शेडमध्ये पत्र्यामागं खोचून ठेवली.

आणि तिथून पुढं पेट्रोल जायला लागलं.

म्हणजे असं की, घरातून निघताना काटा अर्ध्यावर. पूर्वी अर्ध्या टाकीत गाडी तालुक्याला जाऊन आरामात परत यायची. आता येताना कारखान्याच्या फाट्यावरच फुर्रर्र करून बंद पडायची. बघावं तर काटा रिकाम्यावर आणि टाकीही ठणठणीत कोरडी. एकदा झालं, दोनदा झालं. शेठना कोडंच पडलं. टाकी गळते की काय म्हणून त्यांनी गाडीखाली कागद पसरून ठेवले. कागद कोरडे. काटा खोटा म्हणावा, तर टाकी रिकामी असताना तो बरोबर रिकामीच दाखवत होता. मग पेट्रोल जातं कुठं? शेठच्या तोंडात आता दुसरा विषय उरला नाही. दाढी करताना तेच, जेवताना तेच, सौदा बोलतानाही तेच.

केरबा एकदा म्हणाला होता की हल्ली थोडं भरलं तरी काटा भराभरा वर चढतो, मला एकदा काठी घालून बघू द्या. शेठना ते झोंबलं. आपण रात्रंदिवस खपून बसवलेल्या काट्याची परीक्षा वेळूच्या काठीनं करायची म्हणजे काय? त्यांनी ते उडवून लावलं. वर आणखी त्यालाच चार शब्द सुनावले. पाण्याचा काटासुद्धा हल्ली लाल खुणेच्या जवळ जातो, तू गाडी दामटतोस, म्हणाले.

पण माणूस न्यायाचा. आपल्याच काट्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे पेठेचं शिक्षण. शेठ जुन्या बाजारात गेले आणि त्याच जातीच्या गाडीतलं पेट्रोलचं दुसरं मीटर शोधून घेऊन आले. पहिलं काढून त्या जागी दुसरं बसवलं. किल्ली फिरवली. दुसऱ्याचा काटाही नेमका तिथंच जाऊन थांबला जिथं पहिल्याचा थांबत होता.

दोन काटे जुळले. शेठच्या मनातला वाद मिटला.

मग त्याच आठवड्यात चहावाला कप ठेवता ठेवता हळूच म्हणाला की केरबा पेट्रोल विकतो म्हणे. पाठोपाठ हमालांचा मुकादम तेच सांगून गेला. आणि रविवारी जेवायला आलेला मेहुणाही तेच बोलला. तिघांचं एकमेकांशी काही देणंघेणं नाही, आणि तिघांच्या तोंडी एकच गोष्ट. शेठना वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण काट्यापुढं माया चालत नाही, असं त्यांनी मनाला बजावलं.

त्यांनी केरबाला दुकानात बोलावलं. भर सौद्याची वेळ, माणसांची ही गर्दी. शेठ म्हणाले, "केरबा, दोन काटे जुळले. तीन माणसंही जुळली. आता मी काय समजायचं?"

केरबानं खिशातून गाडीची किल्ली काढली आणि समोरच्या काट्याच्या पारड्यात ठेवली.

"काट्याचं ऐकलंसा, माणसांचंबी ऐकलंसा," तो म्हणाला. "माझं तेवढं ऐकायचं ऱ्हायलं, शेठ."

आणि पायऱ्या उतरून निघून गेला.

खंडेनवमी, म्हणजे दसऱ्याचा आदला दिवस, जवळ आली होती. त्या दिवशी पेठेत काट्यांची पूजा असते, आणि शेठच्या दारात मोटारीचीही. मोटारीपुढं नारळ फोडायचा मान केरबाचा, वडिलांनी लावून दिलेला. यंदा नारळ कोण फोडणार, असं बायकोनं विचारलं, तर शेठ पानावरून उठले.

आता गाडी ते स्वतःच चालवायचे. एकदा असेच निघाले, अगदी बेतानं, बैलगाडीलाही पुढं जाऊ देत. तरी पाण्याचा काटा लाल खुणेवर. घाबरून त्यांनी गाडी बाजूला घेतली, बॉनेट उचललं आणि वाफ येईल म्हणून लांब उभे राहिले. वाफ कसली न् काय. थोड्या वेळानं भीत भीत हात लावला. पाणी आंघोळीला घेतो तेवढं गरम. काटा म्हणतो उकळतंय, आणि हात म्हणतो कोमट.

शेठ तिथंच उसाच्या बांधावर बसले. रागवायचं सोडून त्यांना गंमतच वाटायला लागली. पाण्याचा काटा आहे त्यापेक्षा चढवून सांगतो. का सांगतो? आणि हा चढवून सांगत असेल, तर शेजारचा पेट्रोलचा कशावरून सांगत नसेल? पण पेट्रोल मागं, पाणी पुढं. त्या दोघांचा एकमेकांशी संबंध काय? घर येईपर्यंत त्यांच्या डोक्यात एवढं एकच चालू होतं.

घरी आल्या आल्या त्यांनी डॅशबोर्ड उतरवला. पेट्रोलच्या मीटरची तार बोटानं धरली आणि तिच्या मागं मागं गेले. मग पाण्याच्या मीटरची धरली. दोन्ही तारा एकाच ठिकाणी येऊन थांबल्या. त्या आगपेटीएवढ्या डबीपाशी.

अस्सं, म्हणाले शेठ. तुम्ही दोघं एकाच घरचं खाता तर.

किल्ली चालू ठेवूनच त्यांनी डबीचा स्क्रू काढला आणि ती उलटीपालटी करून बघायला लागले. बघता बघता डबीचा पत्रा शेजारच्या एका उघड्या लोखंडाला टेकला. आणि दोन्ही काटे, कुणी दटावल्यासारखे, हळूहळू खाली आले. शेठनी डबी उचलली. काटे वर. टेकवली. काटे खाली. पुन्हा उचलली, पुन्हा टेकवली. मग त्यांनी डबीची मूळ जागा पाहिली. तिथं त्यांच्याच हातचा काळाभोर रंग, थरावर थर, तोंड दिसेल असा.

सगळा उलगडा झाला. बॅटरीची वीज जास्त येते. ती मापून काट्यांना द्यायची, हे डबीचं काम. पण ते काम ती कधी करणार, तर तिचा पत्रा उघड्या लोखंडाला टेकलेला असेल तेव्हाच. मध्ये शेठचा रंग आला आणि तिचं माप सुटलं. वीज न मापता जायला लागली आणि दोन्ही काटे चढवून बोलायला लागले. जुन्या बाजारातून आणलेलं मीटरही त्याच डबीला जोडलेलं, मग ते वेगळं काय सांगणार? पेठेत दोन काटे दोन दुकानांत, आपापल्या साखळीला टांगलेले असतात. इथं नुसती तोंडं दोन होती.

चाकूनं रंग खरवडून त्यांनी डबी पुन्हा बसवली. मघाशी अर्ध्यावर असलेला पेट्रोलचा काटा आता पाव टाकीवर येऊन थांबला. शेठ उठले, शेडमध्ये शोधत गेले आणि पत्र्यामागची वेळूची काठी काढून टाकीत बुडवली. ती खालच्या खाचेपर्यंतच भिजली. पाव टाकी.

म्हणजे टाकी कधी अर्धी झालेलीच नव्हती. काटा अर्धी म्हणायचा आणि केरबा, सांगितल्याप्रमाणं, भरणं थांबवायचा. पेट्रोल कुठंच गेलेलं नव्हतं.

तरी मन किती चिवट बघा. काटे खोटे निघाले, मान्य. पण ती तीन माणसं? त्यांना काय डबी बसवलेली होती? असं मनात आलं मात्र, आणि शेठ जागच्या जागी थांबले. तारेच्या मागं मागं जायचं त्यांना आता कळलं होतं.

ते मुकादमाकडं गेले आणि विचारलं की तुला कुणी सांगितलं. तो म्हणाला, चहावाल्यानं. चहावाला म्हणाला, पांडबा न्हाव्यानं. मेहुण्याला विचारलं. तोही दाढीला पांडबाकडंच जात होता. शेठ पांडबाच्या दुकानात शिरले. तो एका गिऱ्हाईकाच्या गालाला फेस लावत होता. केरबाचं तुला कुणी सांगितलं, असं विचारल्यावर त्याचा हात तसाच थांबला.

"तुम्हीच की, शेठ," तो म्हणाला. "ह्याच खुर्चीत बसून."

केरबानं चोरलं असं मी कधी म्हणालो, असं शेठ म्हणाले.

"तसं न्हाई म्हणालासा. पेट्रोल जातंय म्हणालासा, आणि गाडी केरबाच्याच हातात असती म्हणालासा. मधलं आम्ही लावलं."

शेठ बाहेर आले. पेठेतून चालत घरी गेले, पण वाटेत कुणाचा रामराम घेतल्याचं त्यांना आठवेना. त्यांच्याच तोंडचं वाक्य पेठभर फिरून, तीन माणसांच्या तोंडून त्यांच्याकडं परत आलं होतं, आणि त्यांनी त्याला साक्ष म्हणून मान दिला होता.

संध्याकाळी ते केरबाच्या घरी गेले. जे घडलं ते काही न लपवता सांगितलं, चुकलो म्हणाले आणि परत चल म्हणाले. केरबानं त्यांना पाणी दिलं, घोंगडं टाकून बसवलं. मग तो बोलला.

"माझी अब्रू पेठेत घेतलीसा, शेठ. घरात आणून दिल्यावर पेठेला कसं कळावं?"

शेठ समजले. आणि तिथंच खरी अडचण होती. पेठेत उभं राहून सांगायचं म्हणजे काय सांगायचं, तर 'माझा काटा खोटा होता' असं. अडत्यानं हे शब्द तोंडातून काढायचे? मोटारीचा काटा की दुकानातला, हे ऐकणारा कशाला बघत बसतो? अर्धं ऐकणार आणि मधलं स्वतः लावणार. ते कसं लावतात हे तर शेठनी आत्ताच बघितलं होतं. बापजाद्यांनी कमावलेलं नाव त्या एका वाक्यात जायचं. गाडीतल्या मीटरचा बिघाड सापडला, केरबाला परत घेतलं, एवढंच सांगितलं तरी चाललं असतं. बायकोनंही तेच सुचवलं. शेठनी त्यावर पुष्कळ विचार केला.

खंडेनवमीला पेठ सजली. दुकानादुकानांत काट्यांना झेंडूच्या माळा. शेठच्या दुकानाच्या दारात मोटार उभी, धुऊनपुसून लख्ख. माणसं जमली होती. गर्दीच्या कडेला केरबाही होता, पण परका असल्यासारखा.

शेठनी आधी दुकानातल्या काट्याला कुंकू लावलं. मग मोटारीपाशी आले, डॅशबोर्डावरच्या काचांना लावलं. मग डिकी उघडून वेळूची काठी बाहेर काढली आणि तिलाही लावलं. माणसं एकमेकांकडं बघायला लागली. तेव्हा शेठ बोलले.

"माझा काटा खोटा होता. केरबा खरा होता. खोटेपणा माझ्याच हातचा होता, आणि पेठेत जे फिरलं तेही माझ्याच तोंडचं होतं."

एवढं बोलून ते थांबले. पेठेत कुजबूज झाली. व्हायचं तेच झालं. पुढं बरेच दिवस काही शेतकरी शेठकडं वजन झालेला गूळ मुद्दाम शेजारी नेऊन पुन्हा तोलायचे. शेठनी कुणाचा राग धरला नाही, उलट ढेप उचलायला हात लावायचे. शेजारीही तेवढीच भरायची, आणि माणसं खालमानेनं परत यायची. पण ते पुढचं झालं. त्या दिवशी केरबा गर्दीतून पुढं आला. त्यानं नारळ उचलला नाही. काठी उचलली.

"काटा काय म्हणतोय?" त्यानं विचारलं.

शेठ आत वाकले, किल्ली फिरवली आणि काटा ठरेपर्यंत थांबले. "अर्धा."

केरबानं टाकीचं झाकण काढलं, काठी बुडवली आणि वर धरली. मधल्या खाचेपर्यंत भिजली होती. ती त्यानं शेठना दाखवली, मग मुकादमाला, चहावाल्याला आणि पांडबाला.

"ह्या दोघांची एकमेकांशी वळख न्हाई," तो म्हणाला. "आता मिटला वाद."

मग त्यानं नारळ घेतला आणि एका फटक्यात फोडला. खोबऱ्याचा पहिला तुकडा शेठच्या हातावर ठेवला. तो घेताना शेठचे डोळे भरून आले, आणि ते त्यांनी पुसले नाहीत.

तात्पर्य सांगायचं तर एवढंच: चार तोंडांतून एकच गोष्ट ऐकू आली म्हणून ती खरी मानू नये, ती चारही तोंडं एकाच ठिकाणाहून बोलत नाहीत ना, आणि ते ठिकाण आपलंच तोंड तर नाही ना, हे आधी बघावं.